झाकलेला कोंबडा

२०२२च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या जेवणाच्या टेबलावर बोटभर लांबीची एक पांढरी प्लॅस्टिकची डबी मांडलेली होती आणि घरातील झाडून सारी माणसे तिच्याकडे टक लावून बसली होती. सुनेला दोन दिवस कणकण होती. चिरंजीवांनी औषधांच्या दुकानातून करोनाची घरच्या घरी करावयाची चाचणी आणली, तिच्या नाकात काडी फिरवली, डबीत थेंब टाकले, आणि मग कुकरच्या शिटीची वाट पाहावी तशी आम्ही सारे रेघांची वाट पाहू लागलो. एक रेघ उमटली. दुसरी काही उमटेना. नातू आनंदाने ओरडला, "एकच! आईला काही झालं नाही!" आणि सून उठून ओट्याकडे निघालीसुद्धा.

"किती मिनिटे झाली?" मी विचारले.

कोणी घड्याळ पाहिले नव्हते. मी पुढे म्हणालो, "आणि एक रेघ म्हणजे काही झालेले नाही असे नव्हे. एक रेघ म्हणजे या काडीला काही सापडले नाही."

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "ती कोंबडी नाही हो!"

सगळे खदखदून हसले. सूनही हसली, मीही हसलो. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या पांढऱ्या डबीने मला तेरा वर्षे मागे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात, एका म्हातारीच्या अंगणात नेऊन उभे केले होते. तिथे जे घडले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. घरच्यांनाही नाही.

मी गुरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर 'पशुधन विकास अधिकारी' असे भारदस्त नाव असे, पण खेड्यात ते कोणी उच्चारीत नसे. 'ढोरांचा डाक्टर आला' एवढ्यावर भागे. लग्नकार्यात नवखे पाहुणे मला गुडघेदुखीवर औषध विचारीत, आणि मी कशाचा डॉक्टर हे कळले की ओशाळे होत. त्यातही माझा सारा जन्म गाईम्हशींत गेला. कोंबड्यांशी माझा संबंध तसा ताटापुरताच. तोही २००६ साल उजाडेपर्यंत.

त्या वर्षीच्या १८ फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे जाहीर झाले. भारतात हा रोग प्रथम सापडला तो तेथे. ठिकठिकाणच्या पशुवैद्यांची पथके तिकडे रवाना झाली, त्यांत मीही होतो. रोगाच्या जागेभोवती ३ किलोमीटरच्या आतली एकूण एक कोंबडी मारावयाची होती. (पुढे अनुभवाने हे वर्तुळ आकसत १ किलोमीटरवर आले.) ते काम कसे झाले हे दिवाळीच्या अंकात सांगत नाही. एवढेच सांगतो, की परत निघण्याच्या दिवशी पहाटे मला जाग आली, चांगले उजाडले होते, आणि तरी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. बऱ्याच वेळाने ध्यानात आले: एकही कोंबडा आरवला नव्हता.

पुढच्याच महिन्यात रोग जळगाव जिल्ह्यात निघाला, आणि तो मोठमोठ्या शेडमध्ये नव्हे, तर लोकांच्या परसातल्या कोंबड्यांत. २००८च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये तर खेडोपाडीच्या परसांतून त्याने थैमान घातले. आता प्रश्न वेगळाच झाला. शेडमध्ये कोंबड्या मोजलेल्या असतात. दोनशे मेल्या की मालक फोन उचलतो. खेड्यात मेलेली कोंबडी मोजतो कोण? एक मुंगसाने नेली, एक गाडीखाली गेली, दोन मानमोडीने गेल्या, आणि एक पाहुणा आला म्हणून गेली! यांतली कोणती बर्ड फ्लूने गेली हे ठरवायचे तर नमुना बर्फात घालून भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे तो कोंबडीच्याच नऊ ते अकरा दिवसांच्या गर्भधारी अंड्यात टोचायचा, विषाणू वाढतो का पाहायचे, किंवा यंत्रावर त्याच्या जनुकांचा माग काढायचा. (कोंबडीचा रोग ओळखायला अंडेच लागावे, ही मला सृष्टीची एक थट्टाच वाटत आली आहे.) तेथले उत्तर खात्रीचे, पण नमुना भोपाळला पोहोचून कागद परत येईपर्यंत रोगाने वेस ओलांडलेली असे.

म्हणून त्या पट्ट्या आल्या. २००८च्या अखेरीस आमच्या दवाखान्यात एक खोका आला. तो कोणी पाठविला हे सांगण्यात हशील नाही. खोक्यात पांढऱ्या डब्या होत्या, तशाच, टेबलावरच्या डबीसारख्या. त्या आम्ही गावातल्या कोंबड्यांवर पारखून पाहावयाच्या होत्या. एकाच कोंबडीच्या घशातून दोन काड्या फिरवायच्या. एका काडीचा निकाल पट्टीवर जागच्या जागी वाचायचा, दुसरी काडी बर्फात प्रयोगशाळेकडे धाडायची, आणि पट्टीचे नि प्रयोगशाळेचे म्हणणे किती वेळा जुळते हे तक्त्यात मांडायचे. सासूसुनांची साक्ष वेगवेगळी घेऊन ताळा पाहावा, तसाच हा प्रकार.

पट्टी म्हणजे काय, तर एक प्रकारचा टिपकागदच. घशातला ओलावा औषधी पाण्यात कालवून त्याचे थेंब एका टोकाला टाकले, की तो कागदातून सरकत पुढे जातो. वाटेत त्याला भेटतात सोन्याचे कण. होय, सोन्याचेच, पण इतके सूक्ष्म, की ते पिवळे न दिसता लाल दिसतात. प्रत्येक कण विषाणूचे प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे अंगावर लेवून बसलेला असतो. विषाणू आला की कण त्याला बिलगतो, दोघे मिळून पुढे जातात, आणि एका ठरावीक जागी पेरून ठेवलेली दुसरी प्रतिपिंडे त्यांना अडकवतात. असे असंख्य कण एका ओळीत अडकले, की लाल रेघ दिसते. दुसरी रेघ नुसती साक्षीची: पट्टी नीट चालली एवढेच ती सांगते. मला हा सारा व्यापार फार आवडला. सोन्याची ओळख सराफाच्या दगडावरच्या रेघेने पटते हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. इथे सोनेच रेघ ओढून दुसऱ्याची ओळख पटवीत होते.

पण या रेघेच्या काही खोडी आहेत, आणि त्या खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेल्या होत्या. तिला पुष्कळ विषाणू लागतात. आजारी वा नुकत्याच मेलेल्या कोंबडीच्या घशात विषाणूंची जत्रा भरलेली असते, तेव्हा ती उमटते. रोग नुकता शिरलेला असला, किंवा मेलेली कोंबडी दोन दिवस उन्हात पडलेली असली, तर उमटेलच असे नाही. शिवाय ती फ्लूच्या 'अ' जातीच्या साऱ्या विषाणूंना एकाच नावाने हाक मारते. एच५एन१ हा काळ, आणि एच९एन२ हा आपल्या कोंबड्यांत वावरणारा त्याचा सौम्य भाऊबंद. या दोघांतला भेद तिला कळत नाही. आणि तिसरी गोष्ट: ती वेळेवर वाचावी लागते. पंधरा-वीस मिनिटांत काय ते वाचून घ्यावे. त्यानंतर पट्टी वाळू लागते आणि वाळता वाळता नसलेली रेघ दाखवू शकते.

हे सारे मी वाचले होते. एकदा नव्हे, दोनदा.

आता गावच्या कोंबडीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण शहरातल्या वाचकाला कोंबडी म्हटली की दुकानातले वजन आठवते. गावातली कोंबडी म्हणजे 'कुक्कुटपालन' नव्हे. शेडमधल्या कोंबडीचे आयुष्य सहा आठवड्यांचे. तिला ना नाव ना गाव. गावची कोंबडी उकिरड्यावर पोट भरते, खुडूक बसते, पिले काढते, घारीवर धावून जाते, आणि तीन-तीन वर्षे घरात नांदते. 'तुऱ्याची', 'लंगडी', 'माहेरची' अशी तिला नावे असतात. ही 'माहेरची' म्हणजे लेकीने सासरहून येताना काखेत मारून आणलेली. शिवाय त्या घरात गाय धन्याची, शेळी पोरांची. कोंबडी मात्र बाईची. अंड्यांचे पैसे ती लुगड्याच्या पदराला बांधते. नातवाची वही, दिवाळीचे तेल, एकादशीची गाडी या साऱ्या खर्चाला नवऱ्यापुढे हात पसरावा लागू नये म्हणून ही कोंबडी. खात्याच्या तक्त्यात त्या रकान्याला 'परसातील पक्षी' म्हणत. मीही तसेच लिहीत असे.

ही कोंबडी दिवसा सापडत नाही. आमच्या जीपचा आवाज ऐकला की ती कुंपणावर, तिथून छपरावर, तिथून शेजाऱ्याच्या शेवग्यावर. आमचे परिचर साठीला टेकलेले गृहस्थ होते. धोतराचा सोगा खोचून ते एका कोंबडीमागे धावत असताना सारी शाळा सुटून कुंपणाशी उभी राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून आम्ही दिवेलागणीला जाऊ लागलो. अंधार पडू लागला की कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरतात. मग एकेकीला अलगद बाहेर काढायची, चोच उघडायची, घशात काडी फिरवायची, आणि मग दुसरी काडी मागच्या बाजूने. हा दुसरा विधी सुरू झाला की बायका तोंडाला पदर लावून हसत.

त्या गावाहून निरोप आला तो पौषातल्या एका संध्याकाळी. एका म्हातारीच्या अकरा कोंबड्यांपैकी पाच दोन दिवसांत मेल्या होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडलेला, वारा झोंबणारा. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. मी तिला, "आजी, कोंबड्या कुठं आहेत?" एवढेच विचारले. ती काहीतरी सांगू लागली. "सायेब, परवाच्याला वारं सुटलं न् मग—" पण मी हातमोजे चढवीत होतो. परिचरांनी जीपचे दिवे खुराड्यावर धरले. एक मलूल तलंग बाहेर काढली. तिच्या घशातून दोन काड्या घेतल्या, एक बर्फात ठेवली, दुसरीचे थेंब पट्टीवर टाकले, पट्टी खुराड्यावरच्या फळीवर ठेवली, आणि घड्याळ पाहिले.

तेवढ्यात सरपंच आले. थंडीचे दिवस, साहेब दुरून आलेले, चहाशिवाय कसे जाऊ देतील? चहा झाला, चहाबरोबर पिठले-भाकरी आली, भाकरीबरोबर गावच्या रस्त्याचे रडगाणे आले. मी परत त्या फळीपाशी आलो तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

बॅटरीच्या उजेडात मी पट्टी तिरपी केली. साक्षीची रेघ ठळक होती. आणि तिच्या शेजारी, श्वास लागताच पुसली जाईल अशी, एक फिकट रेघ होती.

"साहेब, मला नाही दिसत," परिचर हळूच म्हणाले.

"मला दिसतेय," मी म्हणालो. मनातल्या मनात म्हणायचे ते तोंडातून गेले, आणि सरपंच माझ्या खांद्यामागे उभे होते.

मी त्यांना पुष्कळ समजावले. हा पक्का निकाल नव्हे, भोपाळचा कागद येईपर्यंत कोणी काही करू नये, कोंबड्या जागच्या हलवू नयेत, मेलेल्यांना हात लावू नये. त्यांनी मान डोलावली. पण नवापूरची चित्रे साऱ्या गावाने पाहिलेली होती. आमची जीप वेशीबाहेर पडली असेल-नसेल, आळीतली माणसे म्हातारीच्या दारात जमली. तिच्याच पुतण्याने उरलेल्या सहा कोंबड्यांच्या माना मुरगळल्या आणि ओढ्याकाठी पुरल्या. आळीतल्या इतरांनी शहाणपण केले ते निराळेच. सरकारी माणसे येऊन मारतील त्यापेक्षा विकलेल्या बऱ्या, म्हणून पहाटेच्या आत डालगी भरून त्यांनी आपल्या कोंबड्या तालुक्याच्या बाजाराला नेल्या. ते मला कळले तेव्हा माझ्या पोटात गोळा उठला. माझी रेघ खरी असती, तर मीच त्या रात्री रोग तालुकाभर वाटला होता.

आठ दिवसांनी कागद आला. फ्लू नाही. मानमोडी.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. साहेबलोकांत त्याला इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावाचे नाव. १९२६च्या सुमारास तो जावा बेटावर आणि त्या न्यूकॅसलजवळ ओळखला गेला, आणि लवकरच कुमाऊँच्या डोंगरात राणीखेतला. आपल्या बायकांना मात्र त्याची ओळख पटायला कोणा गावाचे नाव लागले नाही. कोंबडी मान वेडीवाकडी करते, गरगर फिरते, पडते, म्हणून मानमोडी. या रोगावर लस आहे, स्वस्त आहे. पण एका बाटलीत शेकडो कोंबड्यांची मात्रा, बाटली उघडली की लगेच वापरायची, आणि तोवर बर्फात ठेवायची. अकरा कोंबड्यांच्या म्हातारीसाठी ती कोण उघडतो!

कागद घेऊन मी स्वतः गेलो. ते माझ्या कामात बसत नव्हते, पण गेलो. म्हातारी उंबऱ्यातच होती. मी सांगितले, "आजी, तो रोग नव्हता. मानमोडी होती."

"ते मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पैल्या दिशी माना वाकड्या झाल्या तवाच म्या म्हन्ले, मानमोडी. परवाच्याला वारं सुटलं म्हून सांगत व्हते तुमास्नी. दर सालाला ह्याच वाऱ्याला येती ती. तुमी इचारलंच न्हाई."

आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला उभे राहणे कठीण झाले. भरपाईचा प्रश्नच नव्हता. सरकारी पथकाने मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते, पुतण्याने मारलेल्या नव्हे. मी खिशातून एक नोट काढून तिच्या हातावर ठेवली. ती नाही म्हणेल असे मला वाटले होते. कथा-कादंबऱ्यांतल्या म्हाताऱ्या म्हणतात. तिने नोट उजेडात धरून पाहिली, पदराला बांधली आणि म्हणाली, "येवढ्यात दोन तलंगा येत्यात. सा व्हत्या."

मी आणखी दिले.

इथपर्यंत ही एका चुकलेल्या संध्याकाळची हकीकत झाली. कबुली पुढे आहे. पारखीचा तक्ता मला भरायचा होता. त्यात एक रकाना पट्टीचा, एक प्रयोगशाळेचा, आणि एक 'वाचनाची वेळ' असा. त्या ओळीत मी लिहिले: पट्टी, होय, प्रयोगशाळा, नाही. आणि वेळेच्या रकान्यात? इतर साऱ्या ओळींत '२० मिनिटे' लिहिलेले होते. मी तिथेही '२० मिनिटे' लिहिले. लेखणी थबकली, पण लिहिले. म्हणजे काय झाले, तर पिठले-भाकरीचा दोष पट्टीच्या नावावर चढला. तक्ता वर गेला. त्याची बेरीज कुणीतरी कुठेतरी केली असेल. चाचणीची पारख करायला बसलेल्या माणसाची पारख करणारी पट्टी त्या खोक्यात नव्हती.

नंतर मात्र मी या विषयाच्या मागेच लागलो. पश्चात्तापाने म्हणा, चुटपुटीने म्हणा. आणि मला जे कळले ते असे, की मी वेळेवर आलो असतो तरी माझी रीत चुकीचीच होती. साधा हिशेब मांडून पाहा. आकडे केवळ समजुतीसाठी घेतो. समजा, एक चांगली पट्टी आहे. फ्लू झालेल्या शंभर कोंबड्यांतल्या ऐंशी ती पकडते, आणि फ्लू नसलेल्या शंभरांत फक्त दोघींवर खोटा आळ घेते. आता जिल्ह्यात नाना कारणांनी मरगळलेल्या हजार कोंबड्या आणा, ज्यांत खरा फ्लू पाचच जणींना आहे. पट्टी त्या पाचांतल्या चौघींना पकडेल. आणि उरलेल्या ९९५ जणींतल्या सुमारे वीस जणींवर आळ घेईल. म्हणजे चोवीस रेघांतल्या खऱ्या चार! पट्टी तीच, कारागिरी तीच. पण दर सहा रेघांत पाच खोट्या. रेघ खोटी ठरते ती पट्टीच्या दोषाने कमी, आणि जिथे रोग नाहीच तिथे ती खुपसत सुटणाऱ्या माझ्यासारख्यामुळे अधिक.

याउलट, आधी विचारले तर? कोंबड्या रात्रीतून पटापट मेल्या का? तुरे काळेनिळे पडले का? डोकी सुजली का? पायांवर रक्ताळलेले डाग आले का? की माना वाकड्या झाल्या, पाय लुळे पडले, आणि हे दर वर्षी याच वाऱ्याला होते? ही लक्षणे काही पक्की वाटून घेतलेली नाहीत. फ्लूनेही कधी मान वाकडी होते. तरी अशी विचारपूस करून खरोखर संशयास्पद शंभर कोंबड्या निवडल्या, त्यांतल्या पन्नासांना फ्लू निघाला असे धरले, तर तीच पट्टी चाळीस खऱ्या रेघा काढील आणि खोटी एखादीच. पट्टी काही सुधारली नाही. फक्त तिच्या आधी कोणीतरी उंबऱ्यात बसले.

इंडोनेशियात नेमके हेच चालू झाले होते. तिथे २००४पासून हा रोग खेड्यापाड्यांत मुरलेला. २००६पासून जावा बेटावर पशुवैद्यांची पथके गावोगाव जाऊन आधी बायाबापड्यांशी बोलत: कोंबड्या कधी मेल्या, कशा मेल्या, कोणाच्या आधी मेल्या, गावाचा नकाशा मातीत काढून घेत, आणि फ्लूसारखेच वर्णन निघाले तरच पिशवीतून पट्टी काढीत. हे मी वाचले तेव्हा मला त्या म्हातारीचे अर्धे राहिलेले वाक्य आठवले. "परवाच्याला वारं सुटलं न् मग—" ते वाक्य पुरे होऊ देण्यास फार तर दोन मिनिटे लागली असती. पट्टीला वीस लागतात.

आणि दुसरी बाजूही विसरून चालत नाही. त्या ऐंशीतून निसटलेल्या वीस जणींचे काय? एक रेघ पाहून 'काही नाही' म्हणत जीप वळवली, आणि रोग तिथेच राहिला, तर? २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. पण बातमी ऐकताच पहिला विचार आला तो हाच, की सगळ्यांत आधी मेलेल्या कोंबडीविषयी कोणी कोणाला विचारले असेल का? खोट्या होकाराने एका म्हातारीच्या सहा कोंबड्या जातात. खोट्या नकाराने गावाच्या जातात, आणि क्वचित माणसाच्याही जिवावर बेतते. तरी खोट्या होकाराला स्वस्त समजू नये. त्याची किंमत पुढच्या खेपेला वसूल होते.

ती माझ्याकडून वसूल झाली पुढच्याच हिवाळ्यात. तोच वारा, तेच गाव. शेजारच्या वाडीत कोंबड्या मरत होत्या म्हणून आम्ही घरोघर फिरत होतो. या खेपेला पुढे धावायला शाळेतली पोरे नव्हती. दारादारातून एकच उत्तर: "कोंबड्या? आमी पाळतच न्हाई." अंगणात पिसे, उकिरडा ताजा उकरलेला, आणि कोंबड्या मात्र कोणाकडेच नाहीत!

म्हातारीच्या दारात आलो तेव्हा ऊन उतरले होते. ती उंबऱ्यात होती. कोपऱ्यात एक डालगे पालथे घातलेले, त्यावर गोणपाट, गोणपाटावर पाट्याचा वरवंटा.

"आजी, कोंबड्या आहेत का?"

"न्हाईत," ती म्हणाली. "कुठनं असायच्या?"

आणि त्याच क्षणी डालग्यातला कोंबडा आरवला. साधासुधा नव्हे, मान उंच करायला जागा नसल्यासारखा, अडकत, घुसमटत, पण पुरता आरवला. परिचरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हातारीकडे पाहिले. तिने समोरच्या चिंचेकडे पाहिले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण माझ्या आजीच्या तोंडी दिवसातून दहादा असे. पण खरोखर झाकलेले कोंबडे मी जन्मात प्रथम पाहत होतो, आणि ते झाकायला मीच शिकवले होते.

मी हातातली पिशवी परिचरांकडे दिली आणि पायरीवर बसलो. पाणी मागितले. तिने तांब्या आणून दिला. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारले, "आजी, यंदा वारं कधी सुटलं?"

तिने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिले. मग परिचरांकडे, मग त्यांच्या हातातल्या पिशवीकडे.

"ती गाडीत ठिवून या म्हनावं त्यास्नी," ती म्हणाली, "मंग सांगते."